रेडचा अ‍ॅरे पडला तर: आधी वाचा, मग कॉपी करा, मग जोडा

रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधून त्या एकाच मोठ्या डिस्कसारख्या वापरायची पद्धत, आणि तो बांधलेला संच म्हणजे अ‍ॅरे. त्यातल्या रेड-५ या प्रकारात एक डिस्क गेली तर सर्व्हर चालत राहतो. दुसरी गेली की तो थांबतो, आणि त्यानंतरच्या पहिल्या तासात तुम्ही काय करता यावर डेटा परत मिळणार की नाही हे बरंचसं ठरतं. म्हणून आधी काय करायचं नाही ते सांगते. पुन्हा पुन्हा रीबूट करू नका. बाहेर पडलेली डिस्क 'अ‍ॅड' करू नका. 'क्रिएट' ही कमांड तर अजिबात देऊ नका. एफएसचेक, म्हणजे फाइल सिस्टम तपासून दुरुस्त करणारी कमांड, चालवू नका. आणि फोनवर कुणी "रिबिल्ड मारून दे ना, होऊन जाते" असं म्हणालं तर त्याचं ऐकू नका. या सगळ्या गोष्टी डिस्कवर काहीतरी लिहितात, आणि लिहिलेलं परत फिरवता येत नाही.

मी नागपुरात छोट्या ऑफिसांचे लिनक्स सर्व्हर सांभाळते. धरमपेठेतले आर्किटेक्ट, रामदासपेठेतले दवाखाने, इतवारी-महालातले छापखाने. यांच्याकडे महागडं रेड कार्ड नसतं. टॉवर कॅबिनेटमध्ये चार साटा डिस्क आणि लिनक्सचं स्वतःचं सॉफ्टवेअर रेड, म्हणजे कर्नलमधला एमडी ड्रायव्हर आणि तो हाताळणारी एमडीअ‍ॅडम ही कमांड. ही व्यवस्था चांगली आहे असं माझं ठाम मत आहे. कार्ड जळलं तर तसंच कार्ड शोधत फिरावं लागतं. सॉफ्टवेअर रेडच्या डिस्क उचलून दुसऱ्या कोणत्याही लिनक्स मशीनला लावता येतात. अ‍ॅरेची सगळी माहिती प्रत्येक डिस्कवरच लिहिलेली असते, आणि पुढचं सगळं काम त्याच माहितीवर उभं आहे.

उदाहरण म्हणून महालातला एक छापखाना घेते, कारण तिथे जे झालं तेच बहुतेक ठिकाणी होतं. ४ टीबीच्या चार डिस्क, रेड-५, वर ईएक्सटी-४ फाइल सिस्टम. लग्नपत्रिकांपासून दिवाळी अंकांपर्यंत कित्येक वर्षांच्या डिझाइन फाइल त्यावर. मे महिन्यात दुपारी वीज गेली, आली, पुन्हा गेली. त्यानंतर ऑपरेटरचा फोन आला, "ताई, सर्व्हर उठून नाही राहिला." (कमांड आणि पर्यायांची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देते आहे, टर्मिनलवर ती इंग्रजीत टाइप करायची.)

पहिलं काम: मशीन बंद करा, डिस्क बाहेर काढा, प्रत्येकीच्या लेबलवरचा सीरियल नंबर आणि ती कोणत्या केबलला होती हे कागदावर लिहा. एसडीबी, एसडीसी ही नावं भरवशाची नाहीत. पुढच्या बूटला डिस्क वेगळ्या क्रमाने सापडल्या तर नावं बदलतात, आणि चुकीच्या डिस्कवर कॉपी करण्याचे बहुतेक प्रसंग इथूनच सुरू होतात. मी मास्किंग टेपवर सीरियलचे शेवटचे चार अंक लिहून ती टेप डिस्कच्या कडेला चिकटवते. नंतर डिस्कची यादी दाखवणाऱ्या 'एलएसबीएलके'मध्ये सीरियलचा कॉलम मागितला की कोणती डिस्क कोणत्या नावाने आली आहे ते लगेच जुळवता येतं.

मग मशीन त्याच्या नेहमीच्या सिस्टमने सुरू न करता पेन ड्राइव्हवरच्या लाइव्ह लिनक्सने सुरू करा. सिस्टमरेस्क्यू मला सोयीचं वाटतं, कारण त्यात लागणारी सगळी हत्यारं आधीपासून असतात. आता प्रॉक फोल्डरमधली एमडीस्टॅट फाइल वाचा. तिथे बहुधा 'इनअ‍ॅक्टिव्ह' असा शब्द आणि प्रत्येक डिस्कसमोर कंसात 'एस' दिसेल. एस म्हणजे स्पेअर, राखीव डिस्क. चारही डिस्क स्पेअर झालेल्या पाहून भल्याभल्यांना घाम फुटतो, पण याचा अर्थ इतकाच की अ‍ॅरे चालू करण्याइतक्या डिस्क एकमेकींशी जुळल्या नाहीत म्हणून कर्नलने त्या नुसत्या बाजूला धरून ठेवल्या आहेत. त्यांच्यावरची माहिती जशीच्या तशी असते. एमडीअ‍ॅडमला 'स्टॉप' देऊन हा अर्धवट अ‍ॅरे सोडवा. त्याने काही बिघडत नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाची कमांड: एमडीअ‍ॅडम, पर्याय 'एक्झामिन'. ती फक्त वाचते. प्रत्येक डिस्कच्या पार्टिशनवर वेगवेगळी चालवा आणि निकाल पेन ड्राइव्हवर फाइलमध्ये साठवा. फोनवर फोटोही काढून ठेवा. पुढे काही बिनसलं तर याच कागदपत्रांवर सगळं अवलंबून असेल. मेटाडेटाची आवृत्ती १.२ असेल तर ही माहिती जिथे लिहिलेली असते तो सुपरब्लॉक पार्टिशनच्या सुरुवातीपासून ४ केबीवर असतो. त्यात अ‍ॅरेचा यूयूआयडी, चंक साइज (एका डिस्कवर सलग लिहायच्या तुकड्याचा आकार), लेआउट (त्या तुकड्यांची मांडणी), डेटा ऑफसेट (डेटा कुठून सुरू होतो ते) आणि डिस्कचा क्रमांक असतो. पण आपल्याला आधी बघायच्या आहेत तीन ओळी: 'इव्हेंट्स', 'अपडेट टाइम' आणि 'अ‍ॅरे स्टेट'.

अ‍ॅरेमध्ये काही बदल झाला की एमडी ड्रायव्हर इव्हेंट्सचा आकडा वाढवतो आणि चालू असलेल्या सगळ्या डिस्कवर तो लिहितो. जी डिस्क बाहेर पडली तिचा आकडा तिथेच थांबतो. छापखान्याच्या डिस्क (एसडीबी ते एसडीई, थोडक्यात बी, सी, डी, ई) असं सांगत होत्या: बी आणि सी, ४८२१३. डी, ४८२०९, वेळ त्याच दुपारची. आणि ई, ३१८७७, तारीख फेब्रुवारीतली.

म्हणजे ई तीन महिन्यांपूर्वीच गेली होती आणि अ‍ॅरे उरलेल्या तीन डिस्कवर ओढत होता. मे महिन्यात डी गेली तेव्हा सगळं थांबलं. 'अ‍ॅरे स्टेट'ची ओळ हीच गोष्ट दुसऱ्या तऱ्हेने सांगते. त्यात हजर डिस्कसाठी इंग्रजी 'ए' आणि गैरहजर डिस्कसाठी टिंब असतं. ईवर चारही ए होते, कारण ती गेली त्या क्षणापर्यंत तिच्या हिशेबाने सगळे हजर होते. डीवर तीन ए आणि एक टिंब. बी-सीवर दोन ए, दोन टिंबं. कोण कधी गेलं याचा क्रम या टिंबांतून वाचता येतो. तो वाचता आला की अर्धं काम झालं.

आता निर्णय. रेड-५ मध्ये चारपैकी कोणत्याही तीन डिस्क पुरतात. तीन आकड्यांची बेरीज ठाऊक असेल तर दोन आकड्यांवरून तिसरा काढता येतो, पॅरिटीचं, म्हणजे डेटासोबत साठवलेल्या जास्तीच्या हिशेबाचं काम तत्त्वतः तसंच चालतं. पण ते तीन आकडे एकाच वेळचे हवेत. डी फक्त चार इव्हेंट मागे आहे, म्हणजे काही सेकंदांचा फरक. ई फेब्रुवारीतली आहे. तिला जोडणीत घेतलं तर फेब्रुवारी आणि मे यांची खिचडी होईल, अ‍ॅरे चालू झाल्यासारखा दिसेल आणि फाइल आतून कुजलेल्या निघतील. म्हणून बी, सी, डी घ्यायच्या आणि ईची केबल काढून ठेवायची. फरक पन्नासेक इव्हेंटच्या आत असेल तर मी सहसा निर्धास्त असते. हजारांत असेल तर ती डिस्क अगदी नाइलाज झाल्याशिवाय घेत नाही.

जोडण्याआधी डिस्क का गेली ते शोधायचं. स्मार्टसीटीएलने प्रत्येक डिस्कचे स्मार्ट आकडे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, काढा. ५ क्रमांकाचा आकडा म्हणजे बदलून टाकलेले सेक्टर (डिस्कवरचे साठवणीचे छोटे कप्पे), १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे ताटकळलेले सेक्टर, १९९ म्हणजे केबलवरून जाता-येता झालेल्या सीआरसी चुका. ईचे ५ आणि १९७ शून्य होते, १९९ मात्र भरमसाट. डिस्क ठणठणीत, केबल खराब. डीचा १९९ शून्य, १९७ मध्ये १६. या डिस्कचा पृष्ठभागच काही जागी वाचत नव्हता. दोघी एकाच अ‍ॅरेतून बाहेर पडल्या, पण दोघींचं दुखणं वेगळं आणि औषधही वेगळं.

इथे डेस्कटॉप डिस्कचा एक स्वभाव समजून घ्यायला हवा. १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडची कल्पना मांडली ती स्वस्त डिस्क एकत्र बांधण्यासाठीच, आणि आपणही बर्डीच्या बाजारातून स्वस्त डिस्कच आणतो. पण डेस्कटॉपसाठी बनवलेली डिस्क एखादा सेक्टर वाचता आला नाही तर पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहते, कधी मिनिट-दोन मिनिटं. लिनक्स कर्नल ३० सेकंद वाट पाहतो, मग लिंक रिसेट करतो आणि शेवटी डिस्क मेली असं धरून तिला बाहेर काढतो. म्हणजे दोन-चार सेक्टरपायी ४ टीबीची डिस्क बाद. रेडसाठी बनवलेल्या डिस्क साधारण ७ सेकंदांत हार मानून चूक कळवतात, मग पॅरिटीवरून तो तुकडा भरता येतो. तुमची डिस्क ही सोय देते का ते स्मार्टसीटीएलच्या 'एससीटीईआरसी' पर्यायाने कळतं. देत असेल तर वाचन-लेखन दोन्हींना ७० द्या, म्हणजे ७ सेकंद. देत नसेल तर सिस फोल्डरमध्ये त्या डिस्कचा टाइमआउट ३० वरून १८० करा. दोन्ही बदल बूटनंतर पुसले जातात, म्हणून कायमचे हवे असतील तर यूडेव्हच्या (डिस्क सापडताच आपोआप सेटिंग लावणाऱ्या सोयीच्या) नियमात लिहावे लागतात. कुठलीही लांबलचक कॉपी सुरू करण्याआधी मी हे करतेच.

डी आजारी आहे, म्हणून तिच्यावर थेट काम करायचं नाही. नवी ४ टीबी डिस्क आणून तिच्यावर डीची हुबेहूब प्रत काढायची. ४ टीबीच्या डिस्कवर सहसा ५१२ बाइटचे ७,८१,४०,३७,१६८ सेक्टर असतात, तरी 'ब्लॉकडेव्ह'ने दोन्हींचा आकार तपासून घ्या. नवी डिस्क एका सेक्टरनेही लहान नको. यूएसबी डबीतून नको, थेट साटा केबलने लावा. कॉपीसाठी जीएनयू डीडीरेस्क्यू वापरा. डेबियन-उबुंटूमध्ये त्याचं पॅकेज जीडीडीरेस्क्यू या नावाने आहे. साधं डीडी वापरू नका, ते पहिल्या खराब सेक्टरवर थांबतं. डीडीरेस्क्यू आधी चांगला भाग उचलतं, खराब जागा नोंदवून ठेवतं आणि नंतर त्यांच्याकडे वळतं. ही नोंद मॅपफाइलमध्ये राहते. ती पेन ड्राइव्हवर ठेवा. मध्येच वीज गेली तर त्याच फाइलवरून काम पुढे सुरू होतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात याची किंमत वेगळी सांगायला नको.

पहिली फेरी 'एन' पर्यायाने, म्हणजे अवघड जागा खरवडत न बसता. दुसरी फेरी 'डी' आणि 'आर-३' देऊन, म्हणजे कॅश टाळून थेट वाचन आणि तीनदा प्रयत्न. आधी मूळ डिस्क, मग नवी, मग मॅपफाइल हा क्रम. एंटर दाबण्यापूर्वी टेपवरचे चार अंक पुन्हा वाचा, शक्यतो दुसऱ्या माणसाला मोठ्याने वाचायला लावा. डिस्क बरी असेल तर ४ टीबीला आठ-नऊ तास लागतात. या वेळात आजारी डिस्क तापू देऊ नका. कॅबिनेट उघडं ठेवून टेबल फॅन लावला तरी फरक पडतो. छापखान्याचे काका कूलर ओढून आणत होते. कूलर नको. त्याची ओली हवा आणि धूळ कनेक्टरवर बसते, आणि मला वाटतं ईची केबलही तशीच गेली असावी, कारण सर्व्हर कित्येक उन्हाळे कूलरच्या तोंडाशीच उभा होता.

छापखान्यात शेवटी फक्त काही केबी वाचता आले नाहीत. कॉपी झाली की मूळ डी काढून पिशवीत ठेवा. दोघींवर एकच सुपरब्लॉक आहे. दोन्ही लावून ठेवल्या तर एमडीअ‍ॅडम कोणती उचलेल याचा नेम नाही.

आता जोडणी, पण तीही खऱ्या डिस्कवर नाही. लिनक्सच्या डिव्हाइस-मॅपरमध्ये स्नॅपशॉटची सोय आहे. खाली खरी डिस्क, वर एक रिकामी फाइल. वाचताना डिस्कमधून वाचायचं, लिहिलं जाईल ते सगळं फाइलमध्ये. डिस्कला धक्का लागत नाही. प्रत्येक डिस्कसाठी 'ट्रंकेट'ने मोठी स्पार्स फाइल बनवा, 'लूसेटअप'ने तिला लूप डिव्हाइस द्या, म्हणजे ती फाइल डिस्कसारखी वापरता येईल, 'ब्लॉकडेव्ह'ने पार्टिशनची सेक्टर संख्या काढा आणि 'डीएमसेटअप क्रिएट'ला स्नॅपशॉटची ओळ द्या: शून्य, सेक्टर संख्या, स्नॅपशॉट, खरं पार्टिशन, लूप डिव्हाइस, पी, ८. असं तिन्ही डिस्कसाठी. स्पार्स फाइल दिसायला अवाढव्य असते, पण जेवढं लिहिलं जाईल तेवढीच जागा घेते. ती ज्या डिस्कवर आहे तिथे मात्र थोडे जीबी मोकळे हवेत, कारण जागा संपली तर स्नॅपशॉट बाद होतो. 'डीएमसेटअप स्टेटस'वर लक्ष ठेवा.

हे करायला जास्तीचा पाऊण तास लागतो आणि गिऱ्हाईक डोक्याशी उभं असतं. तरी करा. यानंतर चुकलं तरी वरची फाइल पुसून पुन्हा सुरुवात करता येते.

मग एमडीअ‍ॅडमला 'असेंबल', 'फोर्स' आणि 'रन' देऊन स्नॅपशॉटची तीन डिव्हाइस नावं सांगा, खऱ्या डिस्कची नव्हे. फोर्समुळे तो डीचा इव्हेंट आकडा बाकीच्यांच्या बरोबरीला आणतो. एमडीस्टॅटमध्ये आता चौकटी कंसात तीन 'यू' आणि एक अंडरस्कोर दिसायला हवा. दिसला तर लगेच माउंट करू नका, म्हणजे फाइल उघडण्यासाठी जोडू नका. आधी 'एफएसचेक'ला 'एन' देऊन नुसती तपासणी करा. थोड्याशा चुका असतील तर त्या साहजिक आहेत, वीज जाताना काही लेखन अर्धवट राहिलेलं असतं. हजारोंनी चुका धडाधड येऊ लागल्या तर थांबा. बहुधा जुनी डिस्क आत आली आहे, किंवा आधीच कुणी 'क्रिएट' देऊन क्रम बिघडवला आहे.

माउंट करताना फक्त 'आरओ' पुरेसं नाही. ईएक्सटी-४ रीड-ओन्ली असलं तरी जर्नल (अर्धवट लेखनाची नोंदवही) चालवून डिस्कवर लिहितं. सोबत 'नोलोड' द्या. एक्सएफएस असेल तर 'नोरिकव्हरी'. मग मोठ्या फाइल उघडून बघा. फोल्डरची यादी दिसली म्हणजे डेटा आला असं समजू नका. ४-५ केबीची टेक्स्ट फाइल एकाच चंकमध्ये मावते आणि चुकीच्या क्रमातही नीट उघडू शकते. शेकडो एमबीची पीडीएफ किंवा झिप पूर्ण उघडली तर ती सगळ्या डिस्कवरून आलेली आहे. छापखान्यात आम्ही मागच्या दिवाळी अंकाची प्रिंट फाइल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळली. काका ती बघत होते आणि काही बोलत नव्हते; शेवटचं पान उघडल्यावर म्हणाले, "बेटा, आता चहा घे."

यानंतर दुरुस्तीच्या मोहात पडू नका. आधी सगळा डेटा वेगळ्या मोठ्या डिस्कवर 'आरसिंक'ने काढून घ्या, सगळ्यात मौल्यवान फोल्डर सर्वांत आधी. जे सेक्टर वाचता आले नव्हते तिथे शून्यं असतात, म्हणून एखादी फाइल उघडूनही आत खराब निघू शकते. जुन्या बॅकअपशी ताडून बघता आलं तर उत्तम.

'क्रिएट' आणि 'अझ्यूमक्लीन', म्हणजे डेटा न पुसता अ‍ॅरे नव्याने जाहीर करणं, या शेवटच्या उपायाबद्दल थोडं. सुपरब्लॉकच पुसले गेले असतील तरच तो वापरायचा. त्यात लेव्हल, चंक, लेआउट, मेटाडेटा आवृत्ती, डेटा ऑफसेट आणि डिस्कचा क्रम हे सगळं जुन्या अ‍ॅरेसारखंच द्यावं लागतं. चंकचा डिफॉल्ट पूर्वी ६४ केबी होता, नंतर ५१२ झाला. डेटा ऑफसेटही आवृत्तीगणिक बदलत गेला. क्रम ठाऊक नसेल तर तीन डिस्क आणि एक 'मिसिंग' यांच्या २४ मांडण्या होतात. स्नॅपशॉटवर त्या एकेक करून तपासता येतात. खऱ्या डिस्कवर नाही. आणि डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा ती बायोसलाच दिसत नसेल तर हे काहीच करू नका, तिला वीजही देऊ नका. ते काम क्लीन रूम असलेल्या लॅबचं.

डेटा सुखरूप बाहेर आला की जुना अ‍ॅरे जोडत बसण्यापेक्षा नवा बांधा. मी छापखान्यात रेड-६ केलं. चार डिस्कवर १२ टीबीऐवजी ८ टीबी मिळतात, पण कोणत्याही दोन गेल्या तरी चालतं. बी, सी, नवी केबल लावलेली ई आणि डीची प्रत घेतलेली नवी डिस्क. जुनी डी पुन्हा वापरली नाही. एमडीअ‍ॅडमच्या कॉन्फ फाइलमध्ये नव्या अ‍ॅरेची ओळ घालून इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी सिस्टम) अपडेट करा, नाहीतर पुढच्या बूटला अ‍ॅरे भलत्याच नावाने उठेल.

फेब्रुवारीत ई गेली तेव्हा सर्व्हरने ते कळवलं होतं. रूटच्या, म्हणजे अ‍ॅडमिन खात्याच्या, मेलबॉक्समध्ये डिग्रेडेड अ‍ॅरेच्या मेलचा ढीग होता, आणि तो मेलबॉक्स कुणी उघडत नाही. कॉन्फ फाइलमध्ये मेलअ‍ॅडर या ओळीवर असा पत्ता द्या जो रोज पाहिला जातो. छापखान्यात तो काकांचा आणि माझा, दोघांचा आहे. डेबियन-उबुंटूमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी अ‍ॅरेची तपासणी आपोआप होते. त्यासाठी रविवारी सर्व्हर बंद करून जाऊ नका, कारण वाचता न येणारे सेक्टर पॅरिटी शाबूत असतानाच सापडायला हवेत. शेवटी एमडीअ‍ॅडमला 'मॉनिटर', 'स्कॅन', 'वनशॉट' आणि 'टेस्ट' देऊन चाचणीचा मेल पाठवा, आणि तो मालकाच्या फोनवर त्याच्यासमोर येईपर्यंत तिथून निघू नका.